पेनावर कोरलेले नाव

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांची दुनिया मोठी विलक्षण असते. कोणी नाणी जमवतो, कोणी टपालाची तिकिटे, कोणी अडकित्ते आणि पानाचे डबे. युरोपात जुनी फाउंटन पेने जमवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. आणि त्या वर्गाच्या एका कोपऱ्यात अगदी थोडे लोक असे आहेत की, ज्यांना सोन्याने मढवलेल्या पेनांचे आकर्षण नाही. त्यांना हवी असतात ती व्यापारी कंपन्यांनी जाहिरातीसाठी फुकट वाटलेली पेने. आणि त्यांतही, अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांची नावे ज्यांच्या टोपणावर किंवा दांडीवर उमटवलेली आहेत, अशी पेने.

वरवर पाहता हा छंद पोरकट वाटेल. फुकट मिळालेल्या पेनाची ती काय मातब्बरी? परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या वस्तूंचे मोल निराळ्या कारणाने वाटते. जी वस्तू विकण्यासाठी केली जाते, तिची नोंद राहते. किंमतपत्रकात तिचे चित्र असते, दुकानाच्या वहीत तिचा आकडा असतो. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. ती दुकानदाराच्या, समीक्षकाच्या किंवा एखाद्या कारकुनाच्या खिशात जाते, रोज वापरली जाते आणि निब वाकली की केरात पडते. त्यामुळे जे पेन उरले, त्याचा इतिहास त्याच्याच अंगावर वाचावा लागतो. हे वाचन कसे करतात आणि त्यातून काय हाती लागते, हे पाहण्यासाठी आपल्याला उत्तर जर्मनीतील हॅनोव्हर या शहरात जावे लागेल.

एकाच रस्त्यावरचे दोन कारखाने

हॅनोव्हरमध्ये पोडबिल्स्कीश्ट्रासे नावाचा एक लांबलचक रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या रस्त्यावर तीन मोठे कारखाने उभे होते. एक बाल्सन यांचा बिस्किटांचा, दुसरा पेलिकन शाईचा आणि तिसरा ग्रामोफोनच्या तबकड्यांचा. जगभर ज्यांची पेने गेली आणि जगभर ज्यांच्या तबकड्या वाजल्या, ते दोन्ही उद्योग असे एकमेकांचे शेजारी होते.

पेलिकनची कुळकथा अधिक जुनी. कार्ल हॉर्नेमान या रसायनतज्ज्ञाने १८३८ मध्ये सुरू केलेला हा रंग आणि शाई यांचा कारखाना १८७१ मध्ये ग्युन्टर वाग्नर यांनी आपल्याकडे घेतला. १८७८ मध्ये त्यांनी आपल्या मालासाठी एक चिन्ह नोंदवले: घरट्यात बसलेला पेलिकन पक्षी आणि त्याची पिल्ले. हे चिन्ह वाग्नर यांच्या घराण्याच्या मानचिन्हातून घेतलेले होते.

पेलिकन, म्हणजे आपला पाणकोळी, आपल्या वाचकांना अपरिचित नाही. दुष्काळात पिल्ले उपाशी मरू लागली की माता स्वतःची छाती चोचीने फोडून त्यांना आपले रक्त पाजते, अशी एक समजूत प्राचीन काळापासून युरोपात रूढ होती. पक्षिशास्त्राला ती मान्य नाही. परंतु ख्रिस्तसभेने तिच्यात ख्रिस्ताच्या आत्मदानाचे प्रतीक पाहिले. म्हणून जुन्या चर्चमधील वेद्यांच्या नक्षीत आणि पुरोहितांच्या भरजरी वस्त्रांवर हा पक्षी दिसतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या नावे चालत आलेल्या ‘आदोरो ते देवोते’ या स्तोत्रातही प्रभूला पेलिकन म्हणून संबोधले आहे. वेदीवरचा हा पक्षी घराण्याच्या मानचिन्हात शिरला, तेथून शाईच्या बाटलीवर आला आणि अखेर पेनाच्या टोपणावर जाऊन बसला.

पेन मात्र त्या कारखान्यात बऱ्याच उशिरा, १९२९ मध्ये तयार झाले. हंगेरियन अभियंता थिओडोर कोव्हाच यांच्या एकाधिकाराचा हक्क घेऊन पेलिकनने ते बाजारात आणले. त्याच्या शेपटाकडची मूठ फिरवली की आतला दट्ट्या पुढे सरकतो; उलट फिरवली की तो मागे येतो आणि शाई ओढून घेतो. रबरी पिशवीची गरज नाही आणि आत किती शाई उरली हे पारदर्शक भागातून दिसते. आज इतक्या वर्षांनंतरही अनेक नामांकित पेने याच तत्त्वावर चालतात.

त्याच १९२९ साली, ऑगस्टमध्ये, अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे एमिल बर्लिनर यांचे निधन झाले. हे हॅनोव्हरचेच सुपुत्र. १८५१ मध्ये एका ज्यू कुटुंबात ते जन्मले आणि १८७० मध्ये अमेरिकेला गेले. एडिसनच्या यंत्रात आवाज नळकांड्यावर कोरला जात असे. बर्लिनर यांनी १८८७ मध्ये तो सपाट तबकडीवर कोरण्याची पद्धत शोधली. सपाट तबकडीचा फायदा असा की, एका साच्यावरून हजारो प्रती छापता येतात. जणू ध्वनीचा छापखानाच. १८९८ मध्ये एमिल आणि त्यांचे धाकटे बंधू जोसेफ यांनी आपल्या जन्मगावी डॉइच ग्रामोफोन ही कंपनी स्थापन केली. जोसेफ यांचा हॅनोव्हरमध्ये टेलिफोनची यंत्रे बनवण्याचा कारखाना होताच.

रबर, लाख आणि आपला देश

पेन आणि तबकडी यांचे नाते केवळ शेजाराचे नाही. बर्लिनर यांच्या आरंभीच्या तबकड्या कठीण केलेल्या रबराच्या, म्हणजे एबोनाइटच्या होत्या. जुन्या फाउंटन पेनांच्या दांड्याही एबोनाइटच्याच असत, आणि उत्तम पेनात निबेखालची जीभ आजही कधीकधी याच पदार्थाची करतात. तबकडीसाठी मात्र एबोनाइट पुरेसे चांगले ठरले नाही. त्याचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा उमटत नसे. १८९५ च्या सुमारास बर्लिनर लाखेकडे वळले. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून जो लगदा होई, त्यापासून पुढली पन्नासहून अधिक वर्षे जगातल्या तबकड्या तयार होत राहिल्या.

ही लाख जात होती ती मुख्यतः आपल्या देशातून. छोटा नागपूरच्या रानांतील पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. तेथील आदिवासी बायाबापड्यांनी खरवडून गोळा केलेली लाख कलकत्त्याच्या बंदरातून समुद्रापार जाई आणि गाणे होऊन परत येई.

परत येई, हे अक्षरशः खरे आहे. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांच्यासह अनेक कलावंतांचे गाणे मुद्रित केले. मेणावरची ती मूळ मुद्रणे जहाजाने हॅनोव्हरला पाठवण्यात आली. तेथे त्यांच्यावरून तबकड्या छापल्या गेल्या आणि १९०३ मध्ये त्या आपल्याकडे विक्रीला आल्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत त्या कंपनीच्या हिंदुस्थानी तबकड्या हॅनोव्हरहूनच येत. गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव उच्चारतात, ते अनेक वाचकांनी ऐकले असेल. याचे कारण असे सांगतात की, हॅनोव्हरच्या कामगारांना गाण्याची भाषा कळत नसे. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, हे त्यांना समजावे म्हणून गाणाऱ्याने नाव सांगायचे.

नाव नसेल तर वस्तू निनावी होते, आणि निनावी वस्तू लवकर विसरली जाते. हे त्या काळच्या तबकडीइतकेच पेनालाही लागू आहे.

चिन्हांवरून काळ

ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या पेने का वाटत? तबकडी कोणती घ्यावी, हे गिऱ्हाईक पुष्कळदा दुकानदाराला विचारून ठरवी. आणि दुकानदार पावती लिहिताना जे पेन हाती धरी, त्यावरचे नाव दिवसातून शंभर वेळा त्याच्या डोळ्यांसमोर येई. वृत्तपत्रांत संगीतावर लिहिणारे समीक्षक, नभोवाणी केंद्रांवरचे अधिकारी आणि स्वतःच्या कचेरीतले नोकर, यांनाही अशा भेटी दिल्या जात. पेन बनवणाऱ्या कारखान्याकडे मोठी मागणी नोंदवली की तापवलेल्या धातूच्या ठशाने सोनेरी वर्ख दाबून, किंवा अक्षरे कोरून त्यांत रंग भरून, कंपनीचे नाव उमटवून मिळे. अशा पेनांना बहुधा साधी पोलादी निब असे; फुकट द्यायच्या वस्तूला सोन्याची निब कोण लावील?

आता समजा, असे एक पेन हाती आले. त्यावर तारीख नाही. मग त्याचा काळ कसा ठरवायचा? येथे दोन्ही उद्योगांचा इतिहास उपयोगी पडतो.

प्रथम पेनाचे शरीर पाहावे. पेलिकनच्या टोपणाच्या माथ्यावर जे चिन्ह असते, त्यात आरंभी चार पिल्ले होती. १९३८ च्या सुमारास ती दोन झाली आणि २००३ पासून एकच उरले. त्याच १९३८ च्या आसपास जर्मन सरकारने देशातल्या पेनांसाठी सोने वापरण्यावर बंधने आणली, म्हणून त्या वर्षांतल्या पेनांना क्रोम-निकेल मिश्र धातूची निब आढळते. दट्ट्याभोवतीचे जुने बूच जाऊन कृत्रिम पदार्थाची कडी आली, ती महायुद्धाच्या काळात. १९५० मध्ये उभ्या रेघांच्या दांडीचे ‘४००’ हे प्रसिद्ध पेन निघाले आणि १९६० मध्ये शाळकरी मुलांसाठी नळीतली शाई भरण्याचे ‘पेलिकानो’.

मग नाव पाहावे. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा आपण सर्वांनी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांवर पाहिला आहे. चित्रकार फ्रान्सिस बॅरोड यांचे ते चित्र लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतले. तेव्हा हॅनोव्हर आणि लंडन या एकाच घरच्या दोन कंपन्या होत्या. पहिल्या महायुद्धात ते घर फुटले. जर्मन सरकारने हॅनोव्हरची कंपनी शत्रूची मालमत्ता ठरवली आणि १९१७ मध्ये ती लाइपझिगच्या पॉलिफोन कंपनीला विकली गेली. परिणाम असा झाला की, जर्मनीत तो कुत्रा डॉइच ग्रामोफोनकडे राहिला आणि इतर अनेक देशांत लंडनकडे. पुढे १९२५ मध्ये लंडनच्या कंपनीने जर्मनीत इलेक्ट्रोला ही शाखा काढली, तेव्हा तिला आपलाच कुत्रा वापरण्याची सोय नव्हती. हे त्रांगडे १९४९ मध्ये सुटले. डॉइच ग्रामोफोनने जर्मनीतले चिन्ह इलेक्ट्रोलाला विकले आणि स्वतःसाठी नवे चिन्ह घेतले. पिवळ्या रंगाची चौकट आणि वर ट्यूलिप फुलांचा मुकुट, असे ते चिन्ह हान्स डोमिट्स्लाफ या जाहिरातशास्त्राच्या जाणकाराने योजले होते. कंपनी १९४१ पासून सीमेन्स या उद्योगाकडे होती आणि डोमिट्स्लाफ सीमेन्सचे सल्लागार होते.

म्हणजे ट्यूलिपांचा मुकुट असलेले पेन १९४९ पूर्वीचे असू शकत नाही. कुत्र्याचे चित्र असलेल्या जर्मन पेनावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, यावरून ते त्या वर्षाच्या अलीकडचे की पलीकडचे हे कळते. आणि टोपणावर चार पिल्ले असलेल्या पेनावर ट्यूलिप दिसले, तर पेन जुने पण नाव नवे, असा संशय घ्यायला जागा आहे. असा संशय आला की भिंग घ्यावे. पेनाच्या दांडीवर वापराचे बारीक ओरखडे असतातच. ते अक्षरांवरून सलग गेले असतील तर अक्षरे जुनी, आणि ओरखड्यांच्या वर अक्षरे ताजी उमटली असतील तर ती मागाहूनची.

या पेनांचा काळ तसा मर्यादित. पहिल्या महायुद्धानंतर आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, अशा दोन लाटांत तो सामावतो. दुसरी लाट म्हणजे लाँगप्ले तबकड्यांच्या बहराची वर्षे. १९४७ मध्ये डॉइच ग्रामोफोनने ‘आर्किव्ह’ ही प्राचीन संगीताची माला सुरू केली, ती ल्युबेक येथील चर्चच्या ऑर्गनवर हेल्मुट वाल्खा या अंध वादकाने वाजवलेल्या बाखच्या रचनांनी. १९६३ मध्ये कारायान यांनी संचालन केलेल्या बीथोव्हेनच्या नऊ सिंफनींचा संच बाहेर पडला आणि पिवळी चौकट घराघरांत पोचली. पण तोवर बॉलपेन स्वस्त झाले होते आणि भेटीचे फाउंटन पेन मागे पडत चालले होते. १९८२ मध्ये हॅनोव्हरशेजारच्या लांगनहागेन येथे पहिल्या कॉम्पॅक्ट डिस्क तयार झाल्या, तेव्हा ती प्रथा जवळजवळ इतिहासजमा झालेली होती. पुढे माँब्लाँ कंपनीने १९९६ मध्ये बर्नस्टाइन आणि २००३ मध्ये कारायान यांच्या नावांची पेने काढली. परंतु ती विकण्यासाठी केलेली, श्रीमंतांची पेने. त्यांची गणना या प्रकारात होत नाही.

जी नावे कोरली गेली नाहीत

येथवरचा इतिहास संग्राहकांच्या पुस्तकांत सापडतो. परंतु पेनावरच्या नावाकडे थोडा वेळ शांतपणे पाहिले की, त्यावर नसलेली नावे आठवू लागतात.

पेलिकनच्या जाहिराती १९२० नंतरच्या दशकात जगातल्या अग्रगण्य कलावंतांनी केल्या. हॅनोव्हरचे कुर्ट श्विटर्स त्यांत होते. एल लिसिट्स्की हे रशियातून आलेले ज्यू चित्रकार १९२४ मध्ये क्षयाने आजारी होऊन स्वित्झर्लंडमध्ये उपचार घेत होते. त्यांचा खर्च पेलिकनसाठी केलेल्या कामाच्या मानधनातून निघत असे. त्या काळी कंपनीचे प्रमुख होते ग्युन्टर वाग्नर यांचे जावई फ्रित्स बाइन्डॉर्फ. आधुनिक कलेला उदार आश्रय देणारे म्हणून हॅनोव्हरमध्ये त्यांचा लौकिक होता. आणि याच बाइन्डॉर्फ यांची सही नोव्हेंबर १९३२ च्या एका पत्रावर आहे. हिटलरला चॅन्सेलर नेमावे, अशी विनंती राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांना करणारे काही उद्योगपतींचे आणि जमीनदारांचे ते पत्र होते. पुढे १९३७ मध्ये श्विटर्स यांना जर्मनी सोडून पळावे लागले. मृत व्यक्तीचा न्याय करणे हे आपले काम नाही. परंतु ज्या पक्ष्याचे चिन्ह दुसऱ्यासाठी रक्त देण्याचे आहे, त्याच्या छायेत बसून माणूस कशावर सही करू शकतो, हे विसरणेही बरे नव्हे.

त्याच रस्त्यावर पलीकडे बर्लिनर बंधूंनी काढलेला कारखाना होता. जोसेफ बर्लिनर १९३८ मध्ये हॅनोव्हरमध्येच वारले. एमिल आणि जोसेफ यांचे आणखी एक बंधू मान्फ्रेड हे त्याच शहरात व्यापारी शिक्षणाची शाळा चालवीत. त्यांची कन्या कोरा बर्लिनर १८९० मध्ये तेथेच जन्मली. ती अर्थशास्त्राची विदुषी. १९३० मध्ये बर्लिनच्या एका शिक्षणसंस्थेत प्राध्यापक झाली आणि १९३३ मध्ये ज्यू म्हणून तिला नोकरीवरून दूर करण्यात आले. त्यानंतर जर्मनीतील ज्यूंच्या मध्यवर्ती संस्थेत राहून तिने इतरांना देश सोडून जाण्यास मदत केली. स्वतः मात्र ती मागे राहिली. जून १९४२ मध्ये तिला पूर्वेकडे, मिन्स्कच्या दिशेने, नेण्यात आले. ती परत आली नाही.

ज्या काकाने जगाला तबकडी दिली, त्याच्या पुतणीची ही कथा. ज्या वर्षी तिला नेले, त्या वर्षीही तबकड्या निघतच होत्या आणि त्यांवर बाख आणि बीथोव्हेन वाजतच होते. संगीताने मनुष्य सुसंस्कृत होतो, असे आपण सहज बोलून जातो. त्या शहराचा इतिहास सांगतो की, संगीत हे निमंत्रण आहे. ते स्वीकारायचे की नाही, हे ऐकणाऱ्यावर आहे.

संग्राहकाचे कर्तव्य

म्हणून या छंदाकडे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. जुने पेन सांभाळायचे म्हणजे काही पथ्ये पाळावी लागतात. एबोनाइट उन्हाने आणि पाण्याने तपकिरी पडते, तेव्हा ते पेटीत ठेवावे आणि धुताना दांडी भिजू देऊ नये. सेल्युलॉइड हवाबंद डब्यात कोंडले तर हळूहळू स्वतःच्याच वायूने कुजते, म्हणून त्याला मोकळी हवा द्यावी. दट्ट्या अडकला असेल तर जोर करू नये; कोमट पाण्यात निब बुडवून धीर धरावा. स्पिरिट कधीही लावू नये. आणि चकाकी आणण्याच्या नादात अक्षरे घासून टाकू नयेत, कारण अक्षरे गेली की त्या पेनाचा इतिहासच गेला.

परंतु याहून मोठे पथ्य म्हणजे नोंद ठेवणे. पेन कोठून आले, कोणाच्या घरचे, ते त्याला कोणी व कशासाठी दिले, हे विकणाऱ्याला विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी पेनाबरोबर ठेवावी. कंपनीचे नाव ठशाने उमटवलेले असतेच. ज्याने त्या पेनाने वीस वर्षे पावत्या लिहिल्या त्या दुकानदाराचे नाव मात्र कोठेच कोरलेले नसते. ते संग्राहकाने लिहिले नाही, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.

आपल्या घरांतही अशा वस्तू असतात. आजोबांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेले पेन, कारखान्याच्या नावाचे घड्याळ, बँकेच्या नावाची पितळी पेटी. देणाऱ्याचे नाव त्यांवर ठळक असते. घेणाऱ्याचे आपल्या स्मरणात असते, आणि स्मरण एका पिढीपलीकडे फारसे टिकत नाही. एका कागदावर चार ओळी लिहून तो त्या वस्तूजवळ ठेवणे, इतकेच करायचे आहे. शाई कोणतीही चालेल.